डिलीट करून काही थांबत नाही

अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी माझ्याकडे अनुवाद मागितला होता, हे मला अंक छापायला गेल्यावर कळलं. संपादकबाईंचा फोन आला. "तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा तुम्हाला जमत नसेल असं आम्ही धरून चाललो," त्या म्हणाल्या. त्यांनी मेल पाठवला होता आणि माझ्या पत्त्यावर तो पोचलाही होता, पण स्पॅमच्या फोल्डरमध्ये. तिथे आलेली पत्रं जीमेल ३० दिवसांनी कायमची पुसून टाकतं. मी शोधायला गेले तेव्हा ते पत्र नव्हतं. त्याच्या जागी कर्ज, लॉटरी, वजन कमी करण्याची औषधं आणि कुठल्या तरी शहरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची जाहिरात होती.

मी साताऱ्यात घरी बसून अनुवाद करते. प्रकाशक, विद्यापीठं, संपादक यांच्याशी माझा सगळा व्यवहार मेलवर चालतो. माझं वेगळं ऑफिस नाही. इनबॉक्स हेच ऑफिस. त्यामुळे एक काम गेलं याच्यापेक्षा, माझ्यासाठी मनापासून लिहिलेलं पत्र फ्लॅटच्या जाहिरातीच्या ढिगात पुसलं गेलं, हे मला जास्त लागलं. तेव्हापासून नकोशा मेलकडे मी घर आवरण्याचं काम म्हणून बघणं सोडलं.

तोवर रोज सकाळी सगळे जाहिरातीचे मेल निवडून डिलीट करणं हा माझा क्रम होता. बहुतेकांचा तोच असतो. दुसऱ्या दिवशी तेवढेच मेल पुन्हा हजर. माझी भाची पुण्यात एका कंपनीत काम करते. ग्राहकांना जाहिरातीचे मेल पाठवायचे, हेच तिच्या विभागाचं काम. तिला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, तू डिलीट केलंस तर आम्हाला काहीच कळत नाही. आमच्या यादीत तू तशीच राहतेस. तू मेल उघडलास तर मात्र आम्हाला कळतं."

कसं कळतं, तेही तिने दाखवलं. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र असतं. प्रत्येकाला पाठवलेल्या चित्राचा पत्ता वेगळा. मेल उघडला की ते चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिकडे नोंद होते की हा पत्ता जिवंत आहे, इथे माणूस वाचतो. २०१३ च्या डिसेंबरपासून जीमेल ही चित्रं स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवून आणतं, त्यामुळे आपला संगणक कुठे आहे ते कळत नाही. पण मेल उघडला हे कळतंच. सेटिंगमध्ये जाऊन "बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवू नका" असं सांगता येतं. मी ते सांगितलं. मेल आता जरा ओकेबोके दिसतात, पण मी पत्र वाचलं की नाही हे कुणा दुकानाला कळण्याचं काही कारण नाही.

मग खरं काम सुरू झालं. शोधाच्या चौकटीत "अनसबस्क्राइब" हा शब्द टाकला की ज्या ज्या मेलमध्ये तो आहे ते सगळे एकाखाली एक येतात. २०२५ पासून जीमेलने "मॅनेज सबस्क्रिप्शन्स" नावाचं वेगळं पानही दिलं आहे. सगळ्यात जास्त मेल कोण पाठवतं ते तिथे वरच दिसतं. ती नावं वाचताना गेल्या कित्येक वर्षांचं माझं आयुष्य समोरून गेलं. एकदा बूट घेतलेलं दुकान, आईच्या तपासण्या केलेली लॅब, भाचीच्या लग्नासाठी चौकशी केलेली हॉटेलं, अर्धवट सोडलेला जर्मनचा ऑनलाइन वर्ग. यांना पत्ता मी दिला होता, पण रोज पत्र लिहा असं कुणालाही सांगितलं नव्हतं.

अशा ओळखीच्या, खऱ्या कंपन्यांना थांबवणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी नियम केला आहे: जो मोठ्या संख्येने (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५००० पेक्षा जास्त) मेल पाठवतो, त्याने जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यायची आणि दोन दिवसांत ते नाव काढायचं. म्हणून मेलच्या तळाशी बारीक अक्षरातली लिंक शोधत बसण्यापेक्षा, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी वर जे अनसबस्क्राइबचं बटण दिसतं ते दाबावं. तळाची लिंक कित्येकदा भलत्याच पानावर नेते, "का जाताय?" म्हणून विचारते आणि पुन्हा पत्ता मागते. वरचं बटण सहसा असलं काही विचारत नाही. काही संध्याकाळी मी एवढंच काम केलं, आणि सकाळचा गठ्ठा दिसण्याइतका उतरला.

पण हे औषध सगळ्यांना चालत नाही. ज्यांना आपण पत्ता कधी दिलाच नाही, त्यांच्या मेलमधलं अनसबस्क्राइब दाबू नये. तिथे क्लिक करणं म्हणजे "हो, हा पत्ता चालू आहे" अशी पावती देणं. त्या पावतीनंतर तोच पत्ता चढ्या भावाने पुढे विकला जाऊ शकतो. भाचीला मी विचारलं की मग अशांचं करायचं काय. ती म्हणाली, "रिपोर्ट स्पॅम. आम्ही सगळ्यात जास्त कशाला घाबरत असू, तर त्या बटणाला." गूगलच्या त्याच नियमांत म्हटलं आहे की स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नये. म्हणजे हजार जणांत तिघांनी ते बटण दाबलं तरी पाठवणाऱ्याची पत उतरते आणि त्याचे पुढचे मेल दुसऱ्यांच्याही इनबॉक्सपर्यंत पोचेनासे होतात. हा आकडा ऐकल्यावर मला फार बरं वाटलं. मी एकटी साताऱ्यात बसून दाबलेल्या बटणाला इतकं वजन असेल असं मला वाटलं नव्हतं.

स्पॅम आणि त्याविरुद्धच्या तक्रारी, दोन्ही तशा जुन्याच आहेत. पहिला स्पॅम म्हणून ज्याची नोंद सांगतात, तो ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क यांनी पाठवला. ते डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत मार्केटिंगचं काम करत. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० लोकांना त्यांनी नव्या संगणकांची जाहिरात धाडली आणि लगेच तक्रारी आल्या. पुढे लोकांनी नियम लिहून स्पॅम अडवायचा प्रयत्न केला: अमुक शब्द आला तर थांबवा. स्पॅमवाले शब्द बदलत राहिले. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने एका लेखात वेगळा मार्ग मांडला. वाचणाऱ्याने स्वतः ठरवलेले चांगले आणि वाईट मेल यंत्राला द्या. कुठला शब्द कुठे जास्त येतो ते यंत्र मोजेल आणि शिकेल. आजची यंत्रं याच्या खूप पुढे गेली आहेत, पण ती अजूनही आपण दाबलेल्या बटणांवरून शिकतात. म्हणूनच "हा स्पॅम नाही" हे बटणही तितकंच महत्त्वाचं. नकोसा मेल कमी करायला निघालेला माणूस ते विसरतो, आणि माझ्या अनुभवात मोठं नुकसान तिथेच होतं.

त्या दिवाळी अंकाच्या पत्राचं काय झालं असावं, तेही नंतर उलगडलं. मंडळाचे मेल त्यांच्या स्वतःच्या डोमेनवरून जातात आणि ती व्यवस्था एक स्वयंसेवक बघतात. हा मेल खरोखर आमच्याकडूनच निघाला आहे, याची ग्वाही देणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नावाच्या नोंदी असतात. त्या त्यांच्याकडे नव्हत्या. मोठ्या जाहिरातदारांकडे हे सगळं चोख असतं, कारण त्यासाठी पगारी माणसं असतात. वर्गणीवर चालणारी मंडळं, छोटी वाङ्मयीन मासिकं, गावातली वाचनालयं मात्र यंत्राला संशयास्पद वाटतात. संपादकबाईंनी त्या नोंदी करून घेतल्या. मी माझ्या बाजूने सगळ्या संपादकांचे पत्ते संपर्क यादीत घातले आणि त्यांच्यासाठी "कधीही स्पॅममध्ये टाकू नका" असा फिल्टर लावला.

माझा पत्ता बाहेर कसा जातो, याचाही एक धडा मिळाला. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिक चिन्ह देऊन कुठलाही शब्द जोडला, तरी मेल आपल्याकडेच येतो. आरोग्य विम्याच्या हप्त्यांची तुलना करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर मी माझ्या नावापुढे अधिक आणि "विमा" असं लिहून चौकशी केली. काही काळाने त्याच पत्त्यावर जमिनीच्या प्लॉटची जाहिरात आली. तो पत्ता मी जगात दुसऱ्या कुणालाही दिलेला नव्हता. मी त्या संकेतस्थळाला विचारलं, उत्तर मिळालं नाही. त्या जोडपत्त्यावर येणारे मेल आता फिल्टरमुळे थेट कचऱ्यात जातात. काही फॉर्म अधिक चिन्ह घेत नाहीत. तिथे मी खरेदीसाठी उघडलेला दुसरा पत्ता देते.

फसवणुकीचे मेल ही याहून गंभीर गोष्ट. जुलैमध्ये, विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत, परताव्याचं आमिष दाखवणारे मेल येतात. त्यातल्या कुठल्याही लिंकवर मी जात नाही. आयकर विभागाचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात बघते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन "डॉट बँक डॉट इन" हे डोमेन सक्तीचं केलं, त्यामुळे खरा पत्ता ओळखणं सोपं झालं आहे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा.

कायद्याची साथ अजून तोकडी आहे. नको असलेले फोन आणि एसएमएस यांच्यासाठी आपल्याकडे १९०९ हा क्रमांक आहे. ई-मेलसाठी तशी सोय नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र एक चांगली तरतूद आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. ती प्रत्यक्षात कशी राबवली जाते याकडे माझं लक्ष राहील.

तोवर दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. आठवड्यातून एकदा स्पॅमचा फोल्डर उघडा आणि त्यात एखाद्या छोट्या मासिकाचं, मंडळाचं, ओळखीच्या माणसाचं पत्र अडकलं असेल तर "हा स्पॅम नाही" हे बटण जरूर दाबा. आणि दुकानाच्या काउंटरवर कुणी ई-मेल विचारला तर "नाही देत" म्हणा. बिल तरीही मिळतं.