कुठपर्यंत आलंय?

मंडळी, आपला लॅपटॉप रुसला की आपण काय करतो? बंद करून चालू करतो. परत बंद करून चालू करतो. मग शेजारच्या रूममध्ये जाऊन विचारतो, ‘तुझा चालतोय का गं?’ आणि तरीही नाहीच जमलं तर ‘फॉरमॅट मार’ हा हॉस्टेलचा रामबाण उपाय आहेच! सबमिशनच्या आठवड्यात हा उपाय किती जणी करतात याची मोजदाद रेक्टर मॅडमकडेसुद्धा नसेल.

पण ज्याला फॉरमॅट मारताच येत नाही, अशा एका मशीनची ही हकिगत आहे.

आमच्या लॅबच्या कोपऱ्यात, फर्नेसच्या शेजारी, एक पिवळट पडलेला डबा आहे. ६४ एमबी रॅम (हो, एमबीच!), ४.३ जीबीची हार्डडिस्क, जाडजूड काचेचा मॉनिटर आणि त्यावर २००० साली आलेलं रेड हॅट लिनक्स ६.२. म्हणजे वयाने ते माझ्यापेक्षा मोठं, खरं तर मी त्याला दादा म्हणायला हवं! थर्मोकपलच्या प्रयोगात फर्नेसचं तापमान दर सेकंदाला टिपून त्याचा आलेख काढणं, एवढंच त्याचं काम. हा प्रोग्राम खूप वर्षांपूर्वीच्या एका बी.ई.च्या बॅचने सी भाषेत लिहिला. त्या थर्मोकपलचा करेक्शन टेबलही त्यातच आहे. त्याचा कागद कोणाकडे नाही, इंडिकेटरचं मॅन्युअल केव्हाच हरवलंय.

गेल्या पावसाळ्यानंतर हे मशीन चालू होईना. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे राइट-ऑफची पेन्सिलची खूण पडली. ओरलच्या आधी चालवून दाखवा, नाहीतर प्रयोग यादीतून काढू, असं ठरलं. आणि हे मशीन ज्यांना माहीत आहे असे एकमेव गृहस्थ, म्हणजे आमच्या लॅबचे काका, त्याच महिन्याच्या शेवटी रिटायर होणार होते.

आता तुम्ही म्हणाल, आर्डुइनो लावा, दोन दिवसांचं काम! मीही काकांना हेच सुचवलं. काका म्हणाले, ‘लाव की. पण तुझं नवीन बरोबर दाखवतंय की चूक, ते कशाशी ताडून बघणार?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी बाही सरसावली.

काकांनी कपाटातून एक वही काढली. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. २००० सालापासून या मशीनचं जे जे बिघडलं ते सगळं त्यात, बॉलपेनने, मराठीत. तारीख, काय दिसलं, काय केलं, काय झालं. चार रकाने, बस्स.

इथे माझी पंचाईत. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी घरी बोलते फर्राटेदार, पण वाचायला बसले की ओळीखाली बोट ठेवावं लागतं. त्यात काकांचं अक्षर! मी एकेक शब्द जुळवत मोठ्याने वाचायचे आणि काका समोर स्टुलावर बसून हसायचे. ‘वाच बाळा, वाच. लिनक्सपेक्षा सोपं आहे.’

पहिली तक्रार होती ती लांब लांब बीपची. स्क्रीन काळा. वहीत अशा सात नोंदी निघाल्या, आणि सातही जून ते ऑक्टोबरमधल्या! ‘बीप येतो. रॅम काढली. खोडरबर. चालू.’ आपल्याकडची खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यांनी रॅमच्या सोनेरी दातांवर पातळसा थर बसतो आणि संपर्क तुटतो. मी जर्नल खोडायचं रबर आणून हलक्या हाताने घासलं. बीप गेला! इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत मला इतका आनंद एकाही केटी सुटल्यावर झाला नव्हता.

पण गाडी लगेच पुढे अडली. काळ्या स्क्रीनवर फक्त दोन अक्षरं: एल, आय. आणि पुढे शांतता.

मी म्हटलं, ‘काका, हँग झालं.’

काका म्हणाले, ‘काय झालं ते नंतर. आधी कुठपर्यंत आलंय ते बघ.’

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितेय, म्हणून जरा खोलात जाते. त्या काळी लिनक्स सुरू करून देण्याचं काम ‘लिलो’ करायचा. लिलो म्हणजे लिनक्स लोडर, व्हेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला. त्याचा पहिला टप्पा हार्डडिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये राहतो. सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातही शेवटची जागा पार्टिशन टेबलने अडवलेली. एवढ्याशा जागेत ‘क्षमस्व, अमुक बिघाड झाला आहे’ असं लिहायला जागा कुठली? म्हणून लिलो एकेक पायरी चढला की आपल्या नावाचं एकेक अक्षर दाखवतो. पहिला ‘एल’ म्हणजे पहिला टप्पा सुरू झाला. ‘आय’ म्हणजे दुसरा टप्पा डिस्कवरून उचलून आणला. दुसरा ‘एल’ म्हणजे तो दुसरा टप्पा चालायला लागला. आणि ‘ओ’ आला की सगळं जागेवर. जिथे नाव अर्धवट राहिलं, तिथे बिघाड शोधायचा. फक्त चार अक्षरं, पण आजकालच्या ‘समथिंग वेंट राँग’पेक्षा कितीतरी प्रामाणिक!

‘एल-आय’वर अडकणं म्हणजे दुसरा टप्पा म्हणून जे उचललं ते चालेना. याचं एक नेहमीचं कारण असं, की डिस्कचे पत्ते मोजण्याची पद्धत बदललेली असते. हे नवी मुंबईकरांना पटकन कळेल. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर सात’ सांगितलं तर वाशीत एकीकडे उतराल आणि खारघरमध्ये दुसरीकडे. पत्ता तोच, गाव वेगळं! लिलोला फाइलचं नाव कळत नाही, त्याने फक्त पत्ते टिपून ठेवलेले असतात. आमच्या मशीनची बॅटरी (घड्याळात असते तशी नाण्याएवढी, सीआर २०३२) मेली होती. त्यामुळे बायोस सगळं विसरला आणि डिस्क ‘नॉर्मल’ पद्धतीने मोजायला लागला. वहीच्या पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलेलं होतं: ‘मोड एलबीए. ५२४ सिलिंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर. बॅटरी बदलली की हे आधी भरणे.’

बॅटरी बदलली. आकडे भरले. एल... आय... एल... ओ! काकांनी टाळी दिली.

मग लिनक्स उठलं आणि डिस्क तपासायला लागलं. जुनं ईएक्सटी-२ फाइल सिस्टिम, म्हणजे चालू कामाची नोंद आधी लिहून ठेवायची सोय त्यात नाही. अवेळी वीज गेली की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासावी लागते. तपासणी अर्ध्यावर थांबली आणि मशीन म्हणालं, रूटचा पासवर्ड द्या आणि पुढचं तुम्हीच बघा. मी दुरुस्तीची कमांड टाइप करणार, तेवढ्यात काकांनी वही पुढे केली. नोंद ऑगस्ट २००५ची.

२६ जुलै २००५ आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्या आसपासची तारीख. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. काका त्या रात्री घरी पोचू शकले नाहीत, लॅबमध्येच टेबलावर झोपले. मशीन पाण्यातून वाचलं, पण वीज गेल्याने डिस्कचा घोळ झाला. नोंद अशी: ‘दुरुस्ती केली. फाइली लॉस्ट अँड फाउंडमध्ये गेल्या. नावं गेली, नुसते आकडे राहिले. एकेक उघडून ओळखल्या. नऊ दिवस. यापुढे दुरुस्तीआधी कॉपी.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

नऊ दिवस! कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं.

म्हणून शनिवारी मी हार्बर लाइन पकडली आणि लॅमिंग्टन रोडवरून जुन्या डिस्कला यूएसबी लावायचा अडॅप्टर घेऊन आले. डिस्क बाहेर काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि चहा होईपर्यंत जशीच्या तशी नक्कल उतरली. अशा चौदा डिस्का माझ्या एका ६४ जीबी पेनड्राइव्हमध्ये मावतील! मग दुरुस्ती केली. या वेळी एकाही फाइलचं नाव गेलं नाही.

तपासणी चालू असताना मी विचारलं, ‘काका, हे सगळं मशीनमध्येच टाइप का नाही केलं?’

‘मशीन बंद पडल्यावर मशीनमधली वही वाचणार कशी?’ काका म्हणाले. मग थोडं थांबून, ‘आणि त्याला मराठी कुठे येत होतं?’

खरंच की! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. पण अक्षराला नंबर मिळाला म्हणून ते पडद्यावर नीट उमटतंच असं नाही. ‘कि’ लिहिताना आधी क येतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांची तर वेगळीच कसरत. एका नंबराला एक चित्र, एवढंच जाणणाऱ्या जुन्या लिनक्सच्या पडद्याला हे झेपायचं नाही. गंमत म्हणजे ही गाठ सोडवणाऱ्यांत आपलीच माणसं होती. १९८५ साली मुंबईत सुरू झालेल्या एनसीएसटी या संस्थेने २०००च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इंडिक्स’ नावाच्या प्रकल्पातून लिनक्सच्या पडद्याला भारतीय लिप्या शिकवायला घेतल्या. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचं जे संकुल दिसतं, ते तिचंच पुढचं रूप. म्हणजे एकीकडे मशीनला मराठी शिकवणारे संशोधक आणि इकडे एक लॅब असिस्टंट, जो मशीनची वाट न पाहता वहीत मराठी लिहीत होता. आणि मधे मी, दोन्हींचं फळ फुकट मिळालेली!

राहिला सीरियल पोर्ट. प्रोग्राम चालू झाला, पण तापमान येईना. नुसतं शून्य. इथे बिघाड कुठेही असू शकतो: प्रोग्राम, पोर्ट, केबल, इंडिकेटर. काकांचा प्रश्न मी आता स्वतःच विचारला, कुठपर्यंत येतंय? केबल काढली. पोर्टच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या, म्हणजे मशीन जे पाठवेल ते त्यालाच परत ऐकू येईल. मिनीकॉम उघडून ‘काका’ टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत. स्क्रीनवर ‘काका’ परत आलं! म्हणजे पोर्टपर्यंत सगळं ठीक. बिघाड पलीकडे. केबलचं टोक उघडलं तर एका पिनेचं सोल्डर हिरवं पडून सुटलेलं. पुन्हा खाडीची हवा! पाच मिनिटं सोल्डरिंग, आणि पडद्यावर आकडे सरकू लागले. ३१ अंश. ३१ अंश. मग फर्नेस चालू केल्यावर ३४, ४०, ५२...

हार्डवेअर, सॉफ्टवेअर, परत हार्डवेअर. एकही भाग नवीन आणावा लागला नाही, एक बॅटरी सोडली तर.

ओरलच्या चार दिवस आधी प्रयोग दाखवला. राइट-ऑफची खूण खोडली गेली, माझ्याच रबराने. मशीन अमर नाही हे मला माहीत आहे. डिस्क कधीकधी किरकिरते. आणि ती नाही गेली तरी १९ जानेवारी २०३८ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी या जुन्या ३२ बिटांच्या लिनक्सचं घड्याळ भरून वाहणार आहे. पण तोवर आमच्या नव्या आर्डुइनोला ताडून बघायला घरचं वडीलधारं कोणीतरी आहे.

काका गेले महिनाअखेर. निरोप समारंभात नारळ, शाल, दोन भाषणं. त्यांच्या ‘प्रदीर्घ सेवे’विषयी सगळे बोलले, लिलोविषयी कोणी नाही. संध्याकाळी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘या वेळची नोंद राहिलीय.’ मी लिहिली. चार रकाने, मराठीत. त्यांनी चष्मा लावून वाचली, ‘दुरुस्ती’चा पहिला उकार ऱ्हस्व करून दिला आणि म्हणाले, ‘आता बरोबर. चालेल.’

वही लॅबच्या डावीकडच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. अजून निम्मी कोरी आहे. ज्युनिअर्सनो, मशीन अडलं तर आधी ती उघडा. आणि सुरू झालं तर लिहायला विसरू नका: तारीख, काय दिसलं, काय केलं, काय झालं. मराठी अडखळत असेल तरी चालेल. कुठपर्यंत आलंय, ते पुढच्याला कळलं म्हणजे झालं.