ओळखीच्या माणसाला नाव विचारू नये

आमच्या सूनबाईंचं इंटरनेटवर दुकान आहे, हे घरच्या मंडळींना माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगते. २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेलं हे दुकान. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी आणि दिवाळीच्या सुमारास चकलीची भाजणी. माल साताऱ्याहून निघतो आणि कुरियरने मुंबई-पुण्यापासून बंगळूर-हैदराबादपर्यंत जातो. भाजणं, दळून आणणं, पाकिटं भरणं, हिशेब, सगळं तीच बघते. माझ्याकडे काम एकच, वेबसाईटवरचं मराठी तपासणं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे चुकीची वेलांटी दिसली की हात शिवशिवतातच!

या दुकानाचं पान उघडलं की तीन सेकंदांत पडद्याच्या मधोमध एक चौकट यायची. 'आमच्या परिवारात सामील व्हा! ई-मेल किंवा मोबाईल नंबर द्या आणि पहिल्या खरेदीवर १० टक्के सूट मिळवा.' कोपऱ्यात एक बारीकशी फुली. अशा चौकटी तुम्ही सगळ्यांनी शेकड्यांनी पाहिल्या असतील आणि दर वेळी ती फुली शोधत डोळे ताणले असतील. मला या चौकटीचं मराठी तपासायला दिलं होतं. ते तपासून झालं, पण चौकट काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण मिरजेहून आलेला एक फोन.

मिरजेचे हे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. दर महिन्याला एक किलो भाजणी आणि पाव किलो मेतकूट मागवतात. पत्नीला दुसरं काही फारसं जात नाही, मऊ भात आणि मेतकूट एवढंच. सलग दोन महिने त्यांची ऑर्डर आली नाही. सुनेला वाटलं, दुसरीकडून घेत असतील. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. म्हणाले, "ताई, माझं नाव तुमच्या वहीत आहे ना? मग दर वेळी का विचारता? आणि विचारता ते विचारता, पण पुढे जाऊ तरी द्या!"

झालं होतं असं. त्यांच्या टॅबवर अक्षरं मोठी करून ठेवलेली आहेत. अक्षरं मोठी झाली की चौकटही फुगते आणि फुली पडद्याच्या बाहेर जाते. फुली दिसत नाही म्हणजे चौकट मिटत नाही, आणि चौकट मिटत नाही म्हणजे भाजणी मिळत नाही. चार वर्षांचं जुनं गिऱ्हाईक दोन महिने दारातच उभं राहिलं आणि आत कोणाला पत्ता नाही.

मी सुनेला म्हटलं, "अगं, काढूनच टाक ना ती चौकट."

"आई, ती काढली तर दुकान कसं चालेल?" ती म्हणाली. मग तिने जे समजावलं ते मला पटलं. नवीन माणूस दुकानापर्यंत आणायचा तर जाहिरातीला पैसे मोजावे लागतात. तो आला, बघितलं आणि काही न घेता निघून गेला, तर ते पैसे गेले. पुन्हा त्यालाच आणायला पुन्हा पैसे. पण जाताना त्याने नंबर दिला, तर पुढच्या वेळी 'चकलीची भाजणी तयार आहे' एवढा निरोप पाठवता येतो. आज जाहिरातीचे दर वाढले, उद्या नियम बदलले, तरी नावांची ही यादी दुकानदाराची स्वतःची राहते. दिवाळीच्या सगळ्या विक्रीचा भार या यादीवर असतो. भाजणीवर काम करणाऱ्या तीन बायकांचे पगारही त्यातूनच निघतात. म्हणजे नाव विचारणं सोडता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की विचारायचं कोणाला आणि कोणाला नाही.

इथे माझी शाळा सुरू झाली. वेबसाईटला माणूस ओळखू येतो तरी कसा? उत्तर असं की माणूस ओळखू येतच नाही, चिठ्ठी ओळखू येते. आपण पान उघडतो तेव्हा दुकान आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवून देतं. तिला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने ही युक्ती काढली. त्याआधी एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की संगणक आपल्याला विसरून जायचा, मग टोपलीत टाकलेल्या वस्तू लक्षात कशा राहणार? आता आपण नंबर दिला, किंवा आलेल्या पत्रातल्या दुव्यावरून आत गेलो, की त्या चिठ्ठीवर खूण होते : 'हे आपल्या यादीतले.' पुढच्या वेळी चिठ्ठी दिसली की चौकट दाखवायची नाही. दुकानाच्या सेटिंगमध्ये त्यासाठी एक छोटंसं बटण असतं. आमच्याकडे ते बंदच होतं. तयार साच्यातून चौकट घेतली की ती मुळात सगळ्यांना दिसते, कोणाला दिसू नये ते आपण मागाहून सांगायचं असतं.

बटण चालू केलं. पण मिरजेचं कोडं तेवढ्याने सुटलं नाही. माणूस तोच, पण टॅबऐवजी मुलाचा फोन घेतला की चिठ्ठी नाही. नातवाने टॅब साफ केला, चिठ्ठी गेली. शिवाय २०१९ पासून काही ब्राउझर पानातल्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीज सात दिवसांत पुसून टाकतात. जाहिरातवाल्यांनी आपला माग काढू नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण महिन्यातून एकदा भाजणी मागवणारा माणूस सात दिवसांच्या आठवणीत बसतो कसा? तो दर महिन्याला नवाच पाहुणा!

म्हणजे यंत्र चुकणारच. आणि चूक होणारच असेल, तर ती कोणत्या बाजूला झालेली चालेल, ते आधी ठरवावं. हे मला हजेरीपटाने शिकवलं आहे. गैरहजर मुलाची चुकून हजेरी लागली तर कोणी तक्रार करत नाही. पण समोर बसलेल्या मुलाला गैरहजर लावलं की त्याचा चेहरा बघवत नाही. "बाई, मी आहे ना!" मिरजेच्या आजोबांचं म्हणणं याहून वेगळं काय होतं? नव्या माणसाला नाव विचारायचं राहून गेलं, तर दुकानाचं एक नाव हुकतं. ओळखीच्या माणसाला नाव विचारलं, तर त्याची ओळखच आपण नाकारतो.

त्यात सूट असेल तर अपमान दुप्पट. चार वर्षं पूर्ण किंमत देणाऱ्याला 'नव्यांना १० टक्के सूट' असं वाचून दाखवायचं! त्यावर माणसं दोनच गोष्टी करतात. स्वाभिमानी असतील तर रागावतात आणि हुशार असतील तर दुसरा ई-मेल पत्ता देऊन नवे होतात. दोन्हींत नुकसान आपलंच.

मग रात्रीची जेवणं झाली की आम्ही सासू-सुना चौकटीचे नियम ठरवायला बसू लागलो. जे ठरलं ते थोडक्यात असं.

पहिला नियम वेळेचा. तीन सेकंदांत कोणी दुकान बघत नाही. माणसाला आत येऊ द्यावं, दोन पदार्थ बघू द्यावेत, मग विचारावं. म्हणून आता दोन पानं बघून झाल्यावरच चौकट येते आणि तीही मधोमध नाही, खालच्या कोपऱ्यात. मोबाईलवर तर गूगलही जानेवारी २०१७ पासून अशा पानांना शोधात खाली ढकलू शकतं, जिथे आल्या आल्या चौकट सगळा मजकूर झाकते. तेव्हा ही नुसती सभ्यता नव्हे, व्यवहारही आहे.

दुसरा नियम जागेचा. टोपली आणि पैसे भरायच्या पानावर चौकट अजिबात नाही. गिऱ्हाईक पाकीट उघडून उभं असताना मध्ये बोलू नये, हे कोणताही वाणी सांगेल. माउसचा बाण बाहेरच्या दिशेने वळला की उडी मारून येणारी चौकटही मिळते म्हणे. ती आम्ही घेतली नाही. निघालेल्या पाहुण्याचा पदर कशाला धरायचा?

तिसरा नियम देशाचा. माझी भाची अमेरिकेत असते. तिने कौतुकाने नंबर दिला, सूट मिळवली, पदार्थ निवडले आणि शेवटी कळलं की परदेशात माल जातच नाही! आता चौकट फक्त भारतातून येणाऱ्यांना दिसते. इंटरनेटच्या पत्त्यावरून देश बहुतेक बरोबर कळतो. गावाचा मात्र भरवसा नाही. साताऱ्यात बसलेला माणूस त्याला पुण्याचा किंवा मुंबईचा वाटू शकतो. म्हणून गावावरून काही ठरवायचं नाही.

चौथा नियम नकाराचा. एकदा चौकट मिटवली की महिनाभर पुन्हा विचारायचं नाही. (चिठ्ठी टिकली तर!) साच्यात नकाराच्या बटणावर 'नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतात' अशा अर्थाचं वाक्य होतं. ते मी मराठी तपासतानाच खोडून नुसतं 'नको' लिहिलं होतं. नंतर कळलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या युक्त्यांचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली आहे. नकार देणाऱ्याला लाजवणं त्यात आहे आणि पुन्हा पुन्हा विचारून भंडावणंही आहे.

पाचवा नियम जुन्या गिऱ्हाइकांसाठी. दर महिन्याच्या निरोपात जो दुवा जातो, त्याला एक शेपटी जोडली. त्या शेपटीसकट जो आत येईल, त्याला चौकट दाखवायचीच नाही, मग चिठ्ठी असो वा नसो. सुनेने लगेच शंका काढली, "आई, त्यांनी तो दुवा बहिणीला पाठवला तर? बहीण नवीन आहे, तिलाही चौकट दिसणार नाही." मी म्हटलं, "मग बहिणीने खुशाल न विचारता आत यावं. ओळखीच्या माणसाबरोबर आलेल्याला आपण दारात अडवतो का?" आणि तिला नंबर द्यायचाच असेल, तर पानाच्या तळाशी एक साधी ओळ कायमची आहे. ती कोणाच्या अंगावर येत नाही, हवी त्याला सापडते. मिरजेच्या आजोबांना तो शेपटीचा दुवा नातवाने पडद्यावर लावून दिला आहे.

आणखी एक गोष्ट मी लावून धरली, भाषेची. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यात मला दोन गोष्टी फार आवडल्या. माहिती कशासाठी घेतो ते इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय माणसाला हवी, आणि आपली मराठी त्यात आहेच. दुसरं म्हणजे संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. म्हणून चौकटीत आता स्वच्छ मराठीत लिहिलं आहे : 'महिन्यातून दोन निरोप येतील. नको वाटले तर "थांबा" एवढं लिहून पाठवा.' 'परिवारात सामील व्हा' मात्र मी काढायला लावलं. भाजणी विकत घेतल्याने कोणी परिवारातलं होत नाही, आणि परिवारातल्या माणसाला आपण नंबर विचारत नाही.

आता खरं सांगायचं तर यादीत रोज पडणारी नावं कमी झाली आहेत. सून सकाळी चहा घेताना आकडा बघते आणि गप्प होते, ते मला दिसतं. नफा-तोटा तिचा आहे, पगार तिला द्यायचे आहेत. मी नुसती तत्त्वं सांगणारी! पण ती परवा स्वतःच म्हणाली, की नावं कमी आली तरी 'थांबा' लिहिणारेही कमी झालेत. जे नंबर देतात ते खरोखर घेणारे असतात. दिवाळीला अजून अडीच महिने आहेत. तेव्हा काय तो निकाल लागेल. कमी पडलं तर वेळेचा आणि जागेचा नियम ती थोडा सैल करील, आणि त्याला माझी ना नाही. पाचव्या नियमाला मात्र हात लावायचा नाही, असं आमचं दोघींचं ठरलं आहे.

असो. यादी किती लांब, यावर दुकानाची श्रीमंती मोजतात म्हणे. मोजू देत. दुकानात शिरल्यावर आपल्याला कोणी ओळखलं, तर पुन्हा तिथे जावंसं वाटतं, एवढं मला कळतं. आणि यंत्राला ओळखता येत नसेल, तर त्याने निदान गप्प बसावं.