सोयाबीन आपलं, मग ताटात का नाही?

मैत्रिणींनो, आमचं धनज कारंजा तालुक्यातलं. पावसाळ्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणी होते, पोती बाजारात जातात आणि घरात मूठभर दाणेही उरत नाहीत. शेकडा 40 भाग प्रथिनं असलेलं धान्य आपण पिकवायचं, आणि डॉक्टरांनी आपल्यालाच सांगायचं, "यांच्या आहारात प्रथिनं कमी पडताहेत!"

सासूबाई आजारातून उठल्या तेव्हा असंच झालं. दात नाहीत, उसळ चावत नाही, दुधाचं पनीर रोज परवडत नाही. म्हटलं, सोयाबीनचंच पनीर करून पाहावं. त्यालाच टोफू म्हणतात. चीन-जपानपासून थायलंडपर्यंत तो घरोघरी खातात.

पहिला प्रयत्न साफ फसला. सोयाबीनचं दूध मी नीट उकळलंच नव्हतं. सासूबाईंनी एक घास घेतला नि ताट सारलं. "काय व सूनबाई, ढेप खाऊ घालतं का मले?" डोळ्यांत पाणी आलं; पण चूक माझीच होती. कच्च्या सोयाबीनला उग्र वास येतो आणि ते पचतही नाही.

आता मी असं करते. पाव किलो सोयाबीन 8-10 तास भिजवते. (पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं चुकूनही घ्यायचं नाही, बरं का!) सालं चोळून काढून बारीक वाटायचं, दोन लिटर पाण्यात कालवून गाळायचं. दूध मोठ्या पातेल्यात ढवळत उकळी आल्यावर 15 मिनिटं मंद आचेवर ठेवायचं. फेस भसकन वर येतो, लक्ष असू द्या. उतरवून दोन-तीन मिनिटांनी दोन लिंबांचा रस थोड्या पाण्यातून हळूहळू घालायचा. फाटलं की फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचा. तासाभरात वडी तयार. चोथा टाकू नका, थालीपिठात घालून खरपूस भाजा.

आता थायलंडच्या तऱ्हेची भाजी. टोफूचे तुकडे दोन चमचे फल्लीतेलात सोनेरी परतून बाजूला काढा. त्याच कढईत लसूण, आलं, हिरवी मिरची आणि गवती चहाचा कोवळा पांढरा दांडा बारीक चिरून टाका. मग गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, पत्ताकोबी मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता. दोन चमचे चिंचेचा कोळ, गुळाचा लहानसा खडा, चमचाभर सोया सॉस घाला. तो खारट असतो, म्हणून मीठ चाखूनच. टोफू मिसळा, वरून दाण्याचं कूट, लिंबू, सांभार. सासूबाईंचा वाटा मी पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून मऊ करते.

आंबट, गोड, तिखट, खारट यांचा मेळ ही तिकडची चव. आपली चिंच-गुळाची आमटी तरी दुसरं काय करते? तिकडे तर चक्क तुळशीची पानंही अशा भाजीत परततात! आमच्या वृंदावनाला हात लावायची माझी छाती नाही. मी सब्ज्याची चार पानं घालते.

एक सांगून ठेवते. घरात कोणी थायरॉईडची गोळी घेत असेल, तर गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवा. किती, ते डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या वेळी सासूबाईंनी मागून घेतलं. मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाल्या, "तुह्या ताटात काऊन नाही?" काय सांगणार? सगळ्यांना वाढता वाढता कढई रिकामी झाली होती. अशक्तपणा काय फक्त आजाऱ्यालाच येतो? पण माझं कोणी विचारलं नव्हतं. खरं तर मीही नाही. त्यांनी आपल्यातले दोन तुकडे माझ्या ताटात घातले.

तेव्हा यंदा पोत्यांची तोंडं शिवण्याआधी घरासाठी दहा किलो सोयाबीन काढून ठेवा. आणि वाढताना आपलंही ताट मांडा हं!