मनी म्हणजे घर

दुधनीला पाचवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायचे तेव्हाची गोष्ट. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीने दुधनी सोडलं की थोड्याच वेळात कर्नाटक लागतं. पुढे गाणगापूर रोड, मग कलबुर्गी. त्यामुळे आमच्या वर्गातली निम्मी पोरं घरी कानडी बोलायची, शाळेत मराठी शिकायची आणि २००० पासून सरकारने इंग्रजी पहिलीपासून आणल्यामुळे तिसरी भाषाही तेव्हापासूनच डोक्यावर! आम्ही आठवीपर्यंत एबीसीडीला घाबरणारे लोक. असो.

तर मी हौसेने ऐकण्याची चाचणी काढली. कागदावर दहा चित्रं, मी दहा शब्द म्हणणार, मुलांनी त्या त्या चित्राखाली शब्दाचा नंबर लिहायचा. लिहिता न येणाऱ्यांनाही संधी, वगैरे. फार खूश होते मी स्वतःवर.

एका मुलीला दहापैकी चार मिळाले. एरवी हात वर करणारी, चुणचुणीत पोर. मी विचारलंसुद्धा नाही. वहीत चार लिहिले आणि तिला कच्च्या मुलांच्या गटात बसवलं. तिथे ती महिनाभर बसली. हात वर करायचीही थांबली.

नंतर कधीतरी ते कागद पुन्हा चाळताना लक्षात आलं की तिने तीन नंबर घराखाली लिहिलाय. तिसरा शब्द होता 'मनी', म्हणजे पैसे. आणि तिच्यासारखा आणखी बऱ्याच जणांनी! तिला बोलावून विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाली, "बाई, मनि अंद्र मनि!" इकडच्या कानडीत मनि म्हणजे घर.

पण एवढ्याने एकच मार्क जायला हवा होता ना? खरी गंमत (गंमत कसली!) पुढे होती. सातवा शब्द 'हाऊस'. तिला तो येत होता, पण घराखाली आधीच तीन लिहिलेला. मी जितके शब्द तितकीच चित्रं दिलेली, त्यामुळे एक चुकलं की दुसरं चुकणारच. ती खोडू की नको करत बसली, तोवर आठवा शब्द निसटला, आणि उरलेले तिने अंदाजाने ठोकले. म्हणजे सहा चुकांपैकी बऱ्याचशा माझ्या होत्या.

उलटही व्हायचं. उताऱ्यावरच्या प्रश्नांना पैकीच्या पैकी घेणारी दोन पोरं होती. समजा, मी लिहिलं, 'टमक्या झिपरात गुबला. टमक्या कुठे गुबला?' तुम्हीही लगेच सांगाल, झिपरात. मार्क घ्या! कळलं काय? 'असर'च्या पाहणीत शब्द किंवा वाक्य वाचता आलेल्या मुलाला त्याचा अर्थही वेगळा विचारतात, त्याचं कारण मला या दोघांनी शिकवलं.

मुलीची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी दहा शब्दांना चौदा चित्रं, आणि प्रत्येक शब्द आधी सुटा, मग छोट्या वाक्यात. तिला आठ मिळाले. 'मनी' तिला येत नव्हतंच, तो मार्क दिला नाही. त्यावरून स्टाफरूममध्ये वाद झाला, काहींच्या मते द्यायला हवा होता. मला अजूनही वाटत नाही. तिला पुढच्या बाकावर आणलं, पण हात वर व्हायला दिवाळी उजाडली.

त्यानंतर प्रत्येक शब्दयादी मी आधी शाळेतल्या मदतनीस मावशींना वाचून दाखवायचे. त्यांच्या घरी कानडी. पहिल्याच यादीत मी 'हेन' म्हटलं, तर मावशींनी डोक्याला पदर घेतला आणि हसत सुटल्या. हेनु म्हणजे ऊ!

कोंबडी काढून तिथे बदक घातलं.