पाचही जागा खेळू द्या

अमरावतीत आणि अकोल्यात मी पोरांना बास्केटबॉल शिकवतो. एक चूक माझ्या हातून झाली, ती आधी सांगतो.

तेरा वर्षांचा एक पोरगा आला, बरोबरीच्यांपेक्षा वीतभर उंच. बघताक्षणी मी त्याला सेंटर केला. रिंगखाली थांब, रिबाउंड घे, बॉल गार्डला दे. तीन वर्षं एवढंच शिकवलं. एकदा त्यानं विचारलं, "सर, मले बॉल काऊन आणू देत नाही?" मी उत्तर दिलं नाही. पुढं त्याची उंची थांबली आणि बाकीचे त्याच्या बरोबरीला आले. सेंटरला तो कमी पडू लागला आणि गार्डला लागणारा ड्रिबल त्याच्या हातात नव्हता.

तेव्हापासून मी पोराला एकच जागा नव्हे, पाचही जागांचं काम शिकवतो. पॉइंट गार्डनं मान वर ठेवून ८ सेकंदांत बॉल मधल्या रेषेपलीकडं न्यायचा. शूटिंग गार्डची मेहनत बॉल हातात नसतानाची. साथीदाराच्या स्क्रीनला घासून सुटायचं, पास येण्याआधी मोकळं व्हायचं. स्मॉल फॉरवर्डनं बाहेरून मारायचं आणि आतही घुसायचं. पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर यांची कसोटी बॉक्स आउटला लागते. शॉट सुटला की बॉलकडं बघत राहायचं नाही. आधी आपला माणूस शोधायचा, वळायचं, गुडघे वाकवून त्याला पाठीवर अडवायचं, मग उडी. हे जमलं की आपल्यापेक्षा चार बोटं उंच माणूसही मागंच राहतो.

एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला जोडलेलं असतं, हे सांगायला आमच्याकडं कबड्डीचं उदाहरण पटकन पटतं. कॉर्नरनं घोटा धरला आणि कव्हर उशिरा आला, तर चढाईवाला निसटतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हीच कबड्डी दाखवली. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात बॉल उसळेना, ड्रिबल बंद पडला, सारी भिस्त पासवर आली. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. अशा दिवशी फक्त रिंगखाली थांबायला शिकलेला पोरगा काय करणार?

म्हणून क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना हात जोडून सांगतो: पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पोराला पाचही जागा खेळू द्या. त्यानं बॉल आणायला मागितला, तर आणू द्या.