गळणं की पाझरणं?



उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला, त्यामुळे शब्दांची खोड काही जात नाही. पाणी गळतं, ठिबकतं, झिरपतं, पाझरतं, ओघळतं... आमच्या निडीकडच्या पावसात हे सगळे प्रकार एकाच छपराखाली बघायला मिळतात. माठ पाझरतो, त्याची कुणी तक्रार करत नाही. कौल गळतं तेव्हा मात्र माणूस शिडी शोधतो. पण या फरकावर कुणाची रोजी अडकेल असं कधी वाटलं नव्हतं. तो धडा पुतण्याच्या मोटरसायकलने दिला.

पुतण्या धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. पाळ्या बदलत्या. आमच्याकडे रेल्वे स्टेशन आहे, पण रात्रपाळी काही रेल्वेचं वेळापत्रक बघून सुटत नाही. म्हणून कर्ज काढून मोटरसायकल घेतली. वॉरंटी पाच वर्षांची. सहा महिने झाले नसतील, इंजिनाच्या डाव्या अंगाला, पुढच्या चक्रीच्या झाकणाखाली तेल दिसायला लागलं. रोज सकाळी अंगणात रुपयाएवढा काळा डाग!

सर्व्हिस सेंटरला नेली. "चेनचं ऑइल उडतंय, नॉर्मल आहे," असं सांगून गाडी धुवून परत दिली. आठ दिवसांत पुन्हा डाग. दुसऱ्या खेपेला उत्तर बदललं. "हे लीकेज नाही, सीपेज आहे. सीपेज वॉरंटीत बसत नाही." पुन्हा धुलाई! दोन फेऱ्या, दोन खाडे. आणि धुतलं की पुरावाही वाहून जातो, हे वेगळंच.

पुतण्या वैतागला. "काका, जाऊ दे ना. एका सीलचा तर प्रश्न. नाक्यावरच्या चाचांकडून बदलून घेतो."

चाचा म्हणजे आमच्या घरच्या सगळ्या गाड्यांचे डॉक्टर. पण त्यांनीच हात लावायला नकार दिला. "गुरुजी, काम मोठं नाही. पण मी इंजिनाला पाना लावला, तर उद्या काहीही झालं तरी ते माझ्याकडे बोट दाखवतील. आधी कागद करा." दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस! मला तर त्यांचं कौतुकच वाटलं.

युक्तीही त्यांचीच. इंजिन पुसून कोरडं केलं, वर टाल्कम पावडर मारली, गाडी साइड स्टँडवर लावली आणि न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालू ठेवली. न्यूट्रलमध्ये मागचं चाक जमिनीवर स्थिर, म्हणजे चेनही स्थिर. मग चेनचं तेल उडणार कुठून? तरीही पावडरीवर झाकणाखालून एक ओली रेघ खाली उतरली. फोटो काढले. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे डिपस्टिकवर पातळी बघितली, तीही उतरलेली. अशा गाड्यांत तेल असतं जेमतेम लिटरभर. ते कमी होत गेलं तर इंजिन जाम होतं, आणि मागच्या टायरवर पडलं तर गाडी घसरते. रात्री दोन वाजता, पावसात, एकटा पोर... घरच्यांचा जीव टांगणीला लागणारच.

मग मी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. तारीख, किलोमीटर, आधीच्या दोन्ही जॉब कार्डांचे नंबर, सोबत फोटो. तिसऱ्या खेपेला मीही गेलो. तिथल्या मुलाने जॉब कार्डावर लिहिलं, "जनरल चेकअप." म्हटलं, "बाळा, आमची तक्रार आमच्या शब्दांत लिही. चेन थांबलेली असताना तेल गळतं. वॉरंटीत बसत नसेल तर तेही कारणासकट लिही आणि सही कर." बरीच कुरकुर झाली, पण लिहिलं. मग एका जुन्या मेकॅनिकने झाकण काढलं. फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी असते, तिची आतली कड फाटली होती. दुपारपर्यंत नवं सील बसलं, बिल शून्य.

यापुढची पायरीही मी वाचून ठेवली होती. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकासाठी असा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो 1986 साली आला. त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, म्हणजे आमच्यासाठी अलिबाग. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

सगळे म्हणाले, "जिंकलात!" मला तसं वाटत नाही. सील फुकट मिळालं, पण त्या पोराचे तीन खाडे गेले. त्यांची वॉरंटी कुठल्या पुस्तकात छापलेली असते? आणि ज्याच्या घरी रिकामा मास्तर नाही, तो पहिल्याच "नॉर्मल"ला मान डोलावून घरी येतो. गळतीला पाझर म्हणायचं की गळती, हे ज्याच्या हातात पेन असतं तो ठरवतो.

असो. पुतण्या आता जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही करत नाही. परवा लाइट मीटरच्या कागदावरही दहा मिनिटं अडून बसला होता. वायरमन कंटाळला, मी मात्र मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.