राजा गेला, वटहुकूम राहिला

लक्ष्मीपूजनाला आमच्या वणीच्या घरात जुन्या नाण्यांची पुरचुंडी बाहेर निघते. सप्तशृंगीच्या यात्रेकरूंना खण-नारळ विकून आजीने साठवलेली ती नाणी. गेल्या दिवाळीत नातीने त्यातला एक रुपया उचलला. एका अंगाला वाघ, दुसऱ्या अंगाला राजा, साल १९४७. म्हणाली, "आबा, इंग्रज याच साली गेले ना? मग पुढच्या वर्षी राजा कोण होता?"

"हाच. सहावा जॉर्ज."

तिला ती थट्टा वाटली. पण १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत, मोजून ८९५ दिवस, आपण स्वतंत्रही होतो आणि कागदोपत्री आपल्याला राजाही होता! कायदे दिल्लीच्या सभागृहात आपली माणसे करीत, आणि त्यांना संमती मात्र गव्हर्नर-जनरल राजाच्या नावाने देत. आधी माउंटबॅटन, जून १९४८ पासून राजाजी.

त्या सभागृहाची गंमत अशी, की सभासद तेच, पण खुर्चीचे मानकरी दोन. राज्यघटना लिहायची असली की राजेंद्रबाबू, आणि रोजचे कायदे, अंदाजपत्रक, प्रश्नोत्तरे असली की सभापती गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरीकडच्या मावळंग्याचे, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. इंग्रजी अमलातल्या मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्षपद त्यांनी १९४६ साली ६६ विरुद्ध ६३ मतांनी मिळवले होते. पुढे राजा गेला, प्रजासत्ताक आले, १९५२ ला लोकसभा आली, खुर्चीवर दादासाहेबच.

नाण्यावरून राजा गेला खरा, पण त्याच्या अमदानीतली एक वस्तू मागे राहिली. सभागृहाला न विचारता गव्हर्नर-जनरलला वटहुकूम काढता येई. तो अधिकार घटनेच्या १२३व्या कलमाने राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाकडे, आला. ग्रामसभा न भरवताच सरपंचाने ठराव लिहून टाकावा आणि मागाहून "आता झालंच आहे" म्हणत सह्या गोळा कराव्यात, तशातली ही गत. (गावाचे नाव विचारू नये.) अडीअडचणीला वटहुकूम लागतो, हे मला मान्य आहे. पण अधिवेशन तोंडावर आले असताना कसली आली आहे अडचण?

मावळंकरांना हेच खटके. १९५० साली त्यांनी सरकारला लेखी कळवले, की अगदी निकडीची वेळ सोडून वटहुकूम काढणे लोकशाहीला धरून नाही. १९५४ साली पुन्हा कळवले. सरकार आपल्याच पक्षाचे आणि पंतप्रधानांचा शब्द देशभर झेलला जाई असे ते दिवस! मला या गृहस्थाचे कौतुक वाटते ते या पत्रांसाठी. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी ते गेले.

पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा बिहारचे दप्तर चाळत बसले. १९६७ ते १९८१ या काळात तिथल्या सरकारने २५६ वटहुकूम मुदत संपली की पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते. उसाविषयीचा एक तर तेरा वर्षांहून अधिक. प्राध्यापकमहाशय थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने या प्रकाराला घटनेशी केलेली लबाडी ठरवले.